हौस की पोटाचा धंदा? हस्तिदंतावर चेहरे काढणारी जॉर्जियाना मॅक्रे

प्रश्न असा आहे की ब्रिटिश वसाहतींच्या काळात ती तळहातात मावणारी, लॉकेटात बसणारी पोर्ट्रेट्स काढणाऱ्या बायका खरंच होत्या का, त्यांचं आयुष्य कसं असायचं, आणि हे सगळं त्या हौस म्हणून करायच्या की त्यावर घर चालायचं. शेवटी अजून एक ओळ आहे की घरी जुन्या ट्रंकेत असंच एक पोर्ट्रेट सापडलंय, त्याचं काय करायचं. मी कागदावरच्या आणि हस्तिदंतावरच्या चित्रांच्या संवर्धनाचं काम करते, बरीच वर्षं झाली, विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

होत्या, आणि चांगल्या कामाच्या होत्या. पण हौस की धंदा हे त्यांच्या हातात किती कसब होतं यावरून ठरत नव्हतं. बाई अविवाहित आहे, नवऱ्याच्या घरात आहे की विधवा झालीय, यावरून ठरत होतं. विधवा असेल तर चित्रं विकून मुलं वाढवली तर लोक म्हणणार बिचारी धीराची आहे. नवरा जिवंत असेल आणि तो वकील वगैरे असेल तर तीच चित्रं, तोच हात, पण पैसे घेतले की घराण्याची अब्रू गेली. हे मी एका बाईच्या आयुष्यावरून सांगणार आहे, जॉर्जियाना मॅक्रे तिचं नाव, लंडनमध्ये जन्मली, स्कॉटलंडमध्ये कमावलं आणि ऑस्ट्रेलियात आयुष्य गेलं.

त्याआधी थोडं कामाबद्दल, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. मिनिएचर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मुघल, कांगडा, बुंदी असं येतं. ही चित्रं वेगळी, युरोपातली. आधी ती वासराच्या कातड्यापासून बनवलेल्या वेलमवर काढायचे. १७०० च्या आसपास व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएराने हस्तिदंतावर काढायला सुरुवात केली, म्हणजे या माध्यमाची सुरुवातच एका बाईच्या हातची आहे, आणि पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं सगळ्यांनी तिचाच मार्ग धरला. हत्तीच्या सुळ्याची चकती, एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ, इतकी पातळ की उजेड आरपार झिरपतो. ती उन्हात ठेवून पांढरी करायची, तिच्यातला तेलकटपणा काढायचा, करवतीचे ओरखडे खरवडून प्युमिसच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या, पुडीने घासायची, पण गुळगुळीत काचेसारखी करायची नाही कारण मग रंग धरतच नाही. रंग म्हणजे वॉटरकलर, डिंकात खललेले, आणि डिंक कोरडा पडून तडकू नये म्हणून त्यात थोडी खडीसाखर घालायचे. हस्तिदंत कागदासारखं पाणी पीत नाही. कागदावर रंग मुरतो, इथे तो वर तरंगत राहतो, आणि दुसरा हात फिरवायला गेलात की खालचा सगळा उचलून येतो. म्हणून वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, देता येत नाही, कुंचल्याच्या टोकाने ठिपका ठिपका, बारीक रेघ रेघ, असं भिंगाखाली चेहरा उभा करायचा. एकाच केसाचा कुंचला वापरायचे ही दंतकथा आहे, एका केसात रंगच राहत नाही, चांगलं टोक येणारा नेहमीचा केसांचा कुंचला लागतो. गालावर, कपाळावर रंग अगदी पातळ ठेवतात म्हणजे खालचा हस्तिदंत चमकतो आणि कातडी जिवंत वाटते, कपडे मात्र दाट रंगात. कधी कधी चकतीच्या मागे चांदीच्या वर्खाचा तुकडा लावलेला असतो, तो समोरून दिसत नाही पण चेहऱ्यावर उजेड टाकतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे यासाठी काय लागतं बघा, खिडकीजवळचं एक टेबल, रंगांची पेटी, भिंग, आणि स्थिर हात. ऑईल पेंटिंगसारखा मोठा स्टुडिओ नको, टर्पेंटाइनचा वास नको, नग्न मॉडेलवरून शरीररचना शिकायची गरज नाही, जी बायकांना शिकूच देत नव्हते. लंडनची रॉयल अकादमी १७६८ ला सुरू झाली तेव्हा संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर अशा दोन बायका होत्या, पण अकादमीच्या शाळेत मुलीला प्रवेश मिळायला १८६० साल उजाडावं लागलं, आणि तोही लॉरा हर्फर्डने अर्जावर नुसती आद्याक्षरं लिहिली म्हणून. त्यामुळे ज्यांना परवडायचं त्या मुली खाजगी मास्तर लावून शिकायच्या आणि त्यातल्या बऱ्याच मिनिएचरकडे वळायच्या.

आणि वसाहतींत या चित्रांना मागणी का, तर अंतर. कलकत्त्याला किंवा मद्रासला आलेल्या माणसाला घरी पत्र पाठवायचं तर जहाजाला पाच-सहा महिने, परत उत्तर यायला तेवढेच, आणि दरम्यान माणूस तापाने जाऊ पण शकतो. फोटोग्राफी लोकांपर्यंत आली १८३९ नंतर. तोपर्यंत आईला मुलाचा चेहरा बघायचा तर पत्रातून पाठवता येईल अशी एकच गोष्ट, हे पोर्ट्रेट. मागच्या बाजूला काचेखाली त्या माणसाच्या केसांची बट विणून बसवलेली असते, ती बघताना अजूनही माझा हात थांबतो, कारण रंग उडतो, सोन्याचा मुलामा काळवंडतो, पण केस जसेच्या तसे राहतात.

दोन विधवांबद्दल पटकन सांगते. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये मेरी रॉबर्ट्स नावाची बाई होती. नवरा चित्रकार, तो वारला, आणि १७४० ला तिने तिथल्या गॅझेट नावाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की मी चेहरे उत्तम काढते, शिवाय काही चित्रं आणि छपाईचं एक यंत्र विकायला आहे. अमेरिकन वसाहतींतली हस्तिदंतावर काम करणारी पहिली माहीत असलेली बाई म्हणून तिचं नाव घेतात, १७६१ ला ती गेली, आणि तिच्या सहीची अगदी मोजकी कामं आज उरलीत. दुसरी आपल्याकडची, म्हणजे कलकत्त्याची, डायना हिल. तरुणपणीच लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सचं बक्षीस मिळवलेली, लग्न झालं, नवरा गेला, दोन लहान मुलं पदरात, आणि १७८६ ला ती बंगालला आली. तेव्हा तिथे ओझायस हम्फ्री नावाचा नावाजलेला मिनिएचर चित्रकार धंदा जमवत होता. त्याने पत्रात लिहून ठेवलंय की इंग्लंडातले सगळे पुरुष चित्रकार बंगालमध्ये उतरले असते तरी चाललं असतं पण ही एक बाई नको होती. तिच्या कामाबद्दल याहून मोठी पावती मला माहीत नाही. हा हम्फ्री पुढच्याच वर्षी परत गेला, आणि डायनाने १७८८ ला कंपनीच्या फौजेतल्या थॉमस हॅरियट नावाच्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. साधारण त्याच काळात इकडे पुण्यात जेम्स वेल्स सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची तैलचित्रं करत होता आणि शनिवारवाड्यात गंगाराम तांबट त्याच्याकडे शिकत होता, म्हणजे काळ कुठला ते आपल्या लोकांच्या ध्यानात येईल.

आता जॉर्जियाना. १५ मार्च १८०४ ला लंडनमध्ये जन्म. बाप जॉर्ज गॉर्डन, तेव्हा हंटलीचा मार्क्विस, पुढे गॉर्डनचा पाचवा ड्यूक (दोन्ही सरदारी पदव्या), स्कॉटलंडमधल्या सगळ्यात मोठ्या जमीनदारांपैकी एक. आई जेन ग्रॅहम, आणि दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. बापाने मुलगी आपली आहे हे नाकारलं नाही, तिला गॉर्डन हे नाव मिळालं, शिक्षण चांगलं मिळालं. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे पळून आलेल्या लोकांनी लंडनात काढलेल्या शाळेत ती काही काळ होती, त्यामुळे फ्रेंच अस्खलित. चित्रकलेला तिला मास्तर मिळाले ते एकापेक्षा एक. लँडस्केपला जॉन व्हार्ली आणि जॉन ग्लोव्हर, आणि मिनिएचरला चार्ल्स हेटर, ज्याचा मुलगा जॉर्ज हेटर पुढे राणी व्हिक्टोरियाचा दरबारी चित्रकार झाला. (योगायोग बघा, तो ग्लोव्हर म्हातारपणी १८३१ ला टास्मानियाला गेला आणि ऑस्ट्रेलियन लँडस्केपचा आद्य चित्रकार म्हणून आज त्याचं नाव घेतात, आणि त्याची ही विद्यार्थिनी दहा वर्षांनी त्याच बाजूला पोचली.) सोळा-सतराच्या वयात तिलाही सोसायटी ऑफ आर्ट्सने गौरवलं.

इथे एक गोष्ट विसरायची नाही. अनौरस मुलीला कायद्याने वारसा नाही. बापाने १८१३ ला एलिझाबेथ ब्रोडीशी लग्न केलं, त्यांना मूल झालं नाही, म्हणजे जॉर्जियाना ही त्याची मान्य केलेली मुलगी, पण किल्ला, जमीन, पदवी यातलं काही तिला कायद्याने मिळणार नव्हतं, जे काही मिळेल ते कोणाच्या मर्जीवर. ती गॉर्डन कॅसलमध्ये राहायला गेली, आजोबांची लाडकी होती, पण १८२७ ला आजोबा गेले, बाप ड्यूक झाला, त्याची बायको एलिझाबेथ डचेस, म्हणजे घरची मालकीण झाली आणि तिचं नि जॉर्जियानाचं पटलं नाही. तेव्हा या मुलीने काय केलं, तर एडिंबराला जाऊन पोर्ट्रेट्सच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. ड्यूकची मुलगी, बिनलग्नाची, स्वतःच्या हाताने कमावतेय. साधारण तीन वर्षं ती व्यावसायिक चित्रकार होती, पूर्ण अर्थाने, लोक समोर येऊन बसायचे, ती काढायची, पैसे घ्यायची. माझ्या मते तिचं सगळ्यात मोकळं आयुष्य हेच.

याच काळात एका नातलग गॉर्डनवर तिचं मन होतं, पेरिको म्हणायचे त्याला, पण तो कॅथलिक, आणि घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. २५ सप्टेंबर १८३० ला गॉर्डन कॅसलमध्ये अँड्र्यू मॅक्रे नावाच्या वकिलाशी तिचं लग्न झालं. त्या दिवसाबद्दल तिची नोंद आहे, एवढीच, की इझल (चित्र ठेवायची घोडी) सोडलं आणि नाव बदललं. मी तिच्याबद्दल वाचलेल्या सगळ्यात ही ओळ मला सर्वात जास्त लागते. त्यात रडगाणं नाही. हिशेबाची वही बंद करताना लिहावं तसं लिहिलंय.

बाप १८३६ ला गेला. औरस मूल नसल्यामुळे गॉर्डनची ड्यूक ही पदवी तिथेच संपली आणि जमीन बापाच्या भाच्याकडे, रिचमंडच्या ड्यूककडे गेली. जॉर्जियानासाठी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. डचेसने सांगितलं होतं की मी तुझी सोय करेन, आणि त्या एका शब्दावर या बाईने पुढची जवळजवळ तीस वर्षं काढली.

अँड्र्यूचं लंडनमध्ये बस्तान बसेना. १८३० च्या दशकाच्या शेवटी तो ऑस्ट्रेलियाला, पोर्ट फिलिपला, म्हणजे आजच्या मेलबर्नला निघाला. ती आजारी होती म्हणून मागे राहिली आणि नंतर चार मुलगे घेऊन एकटी निघाली, १ मार्च १८४१ ला 'अर्गाइल' नावाच्या जहाजाने पोचली. तेव्हा मेलबर्न वसून जेमतेम सहा वर्षं झाली होती. रस्ते म्हणजे चिखल, घरं लाकडाची, आणि तिच्या सामानात रंगाची पेटी, पुस्तकं. तिने डायरी ठेवली म्हणून हे सगळं आपल्याला कळतं, आणि ती डायरी लिहिणारी बाई चित्रकार आहे हे ओळीओळीत जाणवतं, कोणाच्या कपड्याचा रंग काय, कोण कसं चालतं, कोणाचं नाक कसं, सगळं.

यारा नदीच्या काठी मेफील्ड नावाचं घर त्यांनी बांधलं, नकाशा तिने स्वतः काढला. अजून मुली झाल्या. गव्हर्नरच्या जागी असलेला चार्ल्स ला ट्रोब आणि त्याची बायको सोफी यांच्याशी घरोबा झाला, १८५० मध्ये प्रिन्सेस ब्रिजच्या उद्घाटनाला सोफीला बरं नव्हतं तर तिच्या जागी जॉर्जियाना उभी राहिली. पण मधल्या काळात, १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला, वसाहतीत मंदी आली, जमिनीचे भाव कोसळले, लोक दिवाळखोर झाले, आणि मॅक्रे कुटुंबाकडे पैसा नाही.

आता बघा. घरात पैसा नाही. घरात एक प्रशिक्षित, बक्षीस मिळवलेली, एडिंबरात ऑर्डरी घेऊन काम केलेली पोर्ट्रेट चित्रकार आहे. गावात ज्यांना आपले चेहरे मायदेशी पाठवायचेत असे लोक आहेत आणि हे काम येणारे हात फार कमी. गणित इतकं सरळ आहे. तिलाही ते दिसत होतं, तिने ते लिहिलंय पण, की चेहरे काढून इथे पोट भरता येईल पण घरच्यांना ते मान्य नाही. घरचे म्हणजे नवरा आणि नवऱ्याचा गोतावळा, जो तिच्याआधी तिथे येऊन वसला होता. जंटलमनची बायको पैसे घेऊन चित्र काढणार म्हणजे नवऱ्याला पोसता येत नाही असं जगजाहीर करणं. मग तिने काय केलं, शिवलं, शिकवलं, पाहुण्यांची सरबराई केली, बाळंतपणं काढली, आणि चित्रं काढली ती बहुतेक घरच्यांची, मैत्रिणींची, पैसे न घेता.

काम करणारी माणूस म्हणून इथे मला काही सांगायचंय, कारण चरित्रं लिहिणारे यावरून पटकन पुढे जातात. मिनिएचरचा हात हा गाण्याच्या गळ्यासारखा असतो, रियाज सुटला की पहिल्यांदा बारकावा जातो. ठिपक्यांचं अंतर, कुंचल्यात नेमकं किती पाणी, ओला थर सुकायला किती वेळ द्यायचा, हे डोक्यात नसतं, बोटात असतं, आणि ते रोजच्या कामानेच टिकतं. एखादा चित्रकार वर्षाला पन्नास चेहरे काढतो तेव्हा पन्नासावा चेहरा पहिल्यापेक्षा चांगला होतो. वर्षाला दोन काढणाऱ्याच्या हातात तेवढं येत नाही, मग देणगी कितीही असो. जॉर्जियानाची विशीतली कामं बघा, त्यात तिचं स्वतःचं एक पोर्ट्रेट आहे, किती आत्मविश्वास आहे त्यात, आणि नंतरची बघा, चांगली आहेत, मायेने काढलेली आहेत, पण ज्या वयात चित्रकार सर्वात वर पोचतो ती तिची तीस ते पन्नासची वर्षं तुटक तुटक गेली. लोक म्हणतात फोटोग्राफीने मिनिएचर संपवलं. खरंय, १८४० नंतर हळूहळू तसंच झालं. पण जॉर्जियानाचा धंदा फोटोग्राफीने संपवलेला नाही, तो तिच्या जेवणाच्या टेबलावर संपला, कॅमेरा मेलबर्नला पोचायच्या आधी. आणि घरच्यांनी ते प्रेमापोटी केलं, तिच्या भल्यासाठी केलं असं कोणी म्हटलं तर मला ते पटत नाही, कारण त्यातून ना तिचं भलं झालं ना घरचं.

१८४५ ला मेफील्ड सोडून ते आर्थर्स सीटला गेले, मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर, समुद्राकडे तोंड करून, जनावरं पाळायला. तिथलं घर पण तिनेच आखलं, झाडांच्या जाड फळ्यांनी बांधलेलं, फायरप्लेस कुठे, खिडकी कुठे इथपर्यंत. मुलांना शिकवायला जॉन मॅक्ल्युअर नावाचे मास्तर घरातच राहायचे. ते घर आजही उभं आहे, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे, जाऊन बघता येतं, आणि त्या उपनगराचं नावच मॅक्रे आहे. आपले बरेच मराठी लोक मेलबर्नला असतात, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर दीड तासाच्या आत पोचाल, नक्की जा.

ती जमीन बुनुरोंग लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची होती. मॅक्रे कुटुंबाला सरकारकडून चराईचा परवाना मिळाला, बुनुरोंगांना कोणी विचारलं नाही, आणि ती माणसं तेव्हा रोगराईने आणि हुसकावले गेल्यामुळे झपाट्याने कमी होत होती. घराशी त्यांचं येणंजाणं होतं, मुलं त्यांच्याबरोबर फिरायची. जॉर्जियानाने त्यांच्यातल्या काहींची चित्रं काढली, त्यात एलायझा नावाच्या बाईचं एक आहे. त्या काळातल्या बऱ्याच युरोपियन चित्रांत तिथली माणसं 'नमुना' म्हणून येतात, नाव नाही, भाला हातात आणि मागे झाड. हिने मात्र एडिंबराच्या गिऱ्हाईकाचा काढावा तसाच चेहरा काढलाय, डोळे नीट बघून, आणि नाव लिहून. यामुळे जमिनीचा प्रश्न सुटत नाही, आणि ती स्वतः त्या ताब्याचाच भाग होती. पण चेहरा बघायची जी सवय तिला मिनिएचरने लावली होती ती तिने माणूस बदलला म्हणून बदलली नाही, आणि आज त्या लोकांच्या वंशजांसाठी असे नाव असलेले चेहरे फार थोडे उरलेत.

१८५१ ला तेही सोडावं लागलं. ते घर सोडताना तिला फार जड गेलं. त्याच वर्षी व्हिक्टोरियात सोनं सापडलं, सगळं उलटंपालटं झालं, अँड्र्यूला सरकारी नोकरी मिळाली, मॅजिस्ट्रेट म्हणून गावोगाव, आणि नवराबायको बराच काळ वेगवेगळीच राहिली. १८५७ ला मेलबर्नमध्ये व्हिक्टोरियन सोसायटी ऑफ फाइन आर्ट्सचं प्रदर्शन भरलं त्यात तिने आपलं काम ठेवलं, तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली. १८६४ ला डचेस वारली. मृत्युपत्रात जॉर्जियानासाठी काही नव्हतं. तीस वर्षं ज्या शब्दावर भरवसा ठेवला, म्हणजे कमाई नाही केली तरी एक दिवस आपल्या हक्काचं येईल असं घरात सगळ्यांनी धरलेलं, ते असं गेलं. या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत. वारशाची आशा होती म्हणून तिच्या कमाईवर बंदी घालणं घरच्यांना परवडलं, आणि वारसा आला नाही तोवर हाताची उमेदीची वर्षं गेलेली. अँड्र्यू १८७४ ला गेला आणि ती २४ मे १८९० ला, ८६ वर्षांची होऊन.

तिची डायरी १९३४ ला पुस्तकरूपात आली, तिच्या नातवाने, ह्यू मॅक्रे, तो कवी होता, त्याने संपादित केली. संपादित म्हणजे त्याने त्यात बरंच स्वतःचं घातलं, वाक्यं बदलली, रंगवली, हे नंतर मूळ कागदांशी ताडून बघितल्यावर कळलं. त्यामुळे तिच्या नावावर फिरणारी चटकदार वाक्यं वाचताना जरा जपून, काही आजीची आहेत आणि काही नातवाची.

आता तुमच्या ट्रंकेतल्या पोर्ट्रेटबद्दल. पहिली गोष्ट, उघडू नका. काच निघतेय का बघू, आतून पुसून घेऊ, असं अजिबात करू नका. आत डिंकाचे रंग आहेत, ओलं बोट लागलं तरी गाल पुसला जातो, आणि तो परत आणता येत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात हस्तिदंत दमट हवेने फुगतो, मग उन्हाळ्यात आकसतो, वाकतो, मध्येच तडा जातो, आणि डिंक-साखरेमुळे बुरशीला तर आयतंच खाणं. कपाटात कोरड्या जागी, खिडकीच्या उजेडापासून लांब, ॲसिड नसलेल्या कागदात गुंडाळून आडवं ठेवा. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या कपाटात नको. काचेच्या आत थेंब किंवा चिकट पापुद्रा दिसत असेल तर काचच खराब होतेय, तेव्हा थांबू नका, संवर्धकाला दाखवा. गाल फिके, निळसर वाटत असतील तर बहुतेक लाल रंग उजेडाने उडालाय, चित्रकाराने तसं काढलेलं नसतं.

कोणी काढलंय ते ओळखायचं तर सही चेहऱ्याशेजारी कडेला अगदी बारीक असते, भिंगाशिवाय दिसत नाही, कधी नुसती आद्याक्षरं. जॉन स्मार्ट मद्रासला होता १७८५ ते १७९५, तो त्या काळातल्या कामांवर सालाखाली भारतासाठी 'आय' लिहायचा, अशा खुणा असतात. पण खूपशा कामांवर काहीच नसतं, आणि मग विकणारे त्यातल्या त्यात मोठं नाव चिकटवतात, ते नाव जवळजवळ नेहमी पुरुषाचं असतं. घरात कोणी बाई चित्र काढायची अशी आठवण असेल, पत्रात उल्लेख असेल, तर तो कागद पोर्ट्रेटबरोबरच ठेवा, वेगळा करू नका, बायकांची कामं ओळखायला बहुतेक वेळा तेवढाच पुरावा असतो. आणि चेहरा मुमताज महल किंवा नूरजहाँ असा असेल, भोवती कोरीव चौकट असेल, तर ते बहुधा १९ व्या शतकातलं दिल्लीच्या कारागिरांनी साहेब लोकांना विकायला केलेलं आहे, तेही जपण्यासारखंच आहे पण गोष्ट वेगळी.

विकायचा विचार मात्र करू नका. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, जुनं आहे, पणजोबांचं आहे हे चालत नाही, आणि घरात ठेवण्याबद्दलही नियम आहेत ते वनविभागाकडे किंवा जाणकार वकिलाकडे विचारून घ्या. ब्रिटनमध्ये १९१८ च्या आधीच्या आणि ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या पोर्ट्रेट मिनिएचरना कायद्यात सूट आहे, नोंदणी करून विकता येतात, त्यामुळे तिकडच्या लिलावांचे आकडे बघून आपल्याकडे किंमत धरू नका. फोटो काढताना फ्लॅश बंद, पुढून मागून दोन्ही बाजू, आणि मागे केसांची बट असेल तर तिचा वेगळा, म्हणजे मला किंवा दुसऱ्या कोणा संवर्धकाला पोर्ट्रेटची काच न उघडता निदान काळ तरी सांगता येईल.